एक ढाल मागच्यांनाही!

गॅदरिंगचा बक्षीस समारंभ आपण सगळ्यांनी पाहिलाय. बेस्ट ॲक्टर, बेस्ट सिंगर, मॅन ऑफ द मॅच, जनरल चॅम्पियनशिप... ढाली देऊन देऊन पाहुण्यांचे हात दुखतात. आणि ज्यांनी जनरेटरचं डिझेल आणलं, पंचांना एस.टी. स्टँडवरून आणलं, रात्री दोन वाजता वर्गणीचा हिशेब जुळवला, त्यांना काय? आभारप्रदर्शनातले दोन शब्द : 'ज्ञात-अज्ञात हात'. यातले बहुतेक अज्ञात हात आपल्याच होस्टेलमध्ये राहतात, मेसमध्ये आपल्या शेजारी बसून जेवतात!

माझं म्हणणं सरळ आहे. खेळ आणि कला यांचं व्यवस्थापन हे एक कौशल्य आहे. ते शिकवायला हवं, आणि शिकवणाऱ्याला बक्षीस हवं.

बाहेरच्या जगाला हे हळूहळू कळू लागलंय. 17 सप्टेंबर 2023 ला कोलंबोत आशिया कपची फायनल झाली. मोहम्मद सिराजने 21 धावांत 6 बळी घेतले, श्रीलंका 50 धावांत गारद. त्याने सामनावीराचे पाच हजार डॉलर्स तिथल्या मैदान कर्मचाऱ्यांना देऊन टाकले. अख्ख्या स्पर्धेत पाऊस पाठ सोडत नव्हता. कव्हर्स ओढणारी ही माणसं नसती तर स्पर्धा झालीच नसती. आशियाई क्रिकेट परिषद आणि श्रीलंका बोर्डानेही कोलंबो आणि कँडीच्या या लोकांना 50 हजार डॉलर्स जाहीर केले. 2024 च्या आयपीएलनंतर आपल्या बोर्डानेही दहा नेहमीच्या मैदानांवरच्या क्युरेटर आणि कर्मचाऱ्यांना प्रत्येक मैदानामागे 25 लाख रुपये जाहीर केले.

पण प्रश्न फक्त कौतुकाचा नाही. 25 नोव्हेंबर 2023 ला केरळमध्ये, कोचीन विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या टेक फेस्टमध्ये गाण्याचा कार्यक्रम होता. पाऊस आला, बाहेर थांबलेली गर्दी एकदम आत घुसली, पुढे उतरत्या पायऱ्या. चार जण गेले. 4 जून 2025 ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयाच्या जल्लोषात अकरा जण गेले. कोचीनमधली पोरं आपल्यासारखीच होती हो! सबमिशन टाकून फेस्ट बघायला आलेली. गेट किती रुंद हवं, पाऊस आला तर कुणी काय करायचं, गर्दी कुठे अडवायची, हे कार्यक्रमाच्या आधी कागदावर लिहून काढायचं काम आहे. आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पाइपमधल्या पाण्याचा हिशेब करतो, पण दरवाज्यातून जाणाऱ्या माणसांचा करत नाही.

आपल्याकडे दर वर्षी सगळं शून्यापासून सुरू होतं. बी.ई. वाला जीएस सगळं शिकतो आणि पास होऊन निघून जातो. साउंडवाला किती ॲडव्हान्स मागतो, स्टेजचा लोड कुठल्या फेजवर टाकायचा, परवानगीचा अर्ज किती दिवस आधी द्यायचा, सगळी अक्कल त्याच्याबरोबर कॅम्पसमध्ये सिलेक्ट! पुढचा बिचारा परत पहिल्यापासून ठेचा खातो.

खेळात यावर उपाय आहे. अर्जुन पुरस्कार 1961 पासून खेळाडूला मिळतो, पण 1985 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तो घडवणाऱ्याला. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांनाही बक्षिसं असतात. आपल्या गॅदरिंगला तेवढंही सुचलेलं नाही.

म्हणून माझी सूचना : व्यवस्थापनाची एक फिरती ढाल ठेवा. ती एका माणसाला नको, पूर्ण टीमला द्या. शंभर मार्क. सुरक्षेचा आराखडा आधी लिहून दिला आणि पाळला, तीस. हिशेब पंधरा दिवसांत बिलांसकट नोटीस बोर्डावर, तीस. आणि सगळ्यात जास्त, चाळीस मार्क, किमान चार एस.ई. वाल्यांना काम शिकवलं आणि पुढच्यांसाठी वही लिहून ठेवली याला. तपासायला जिमखान्याचे सर, रेक्टर सर आणि इलेक्ट्रिकलचे एक सर. थिअरी नको, टर्म वर्क बघा.

काही जण म्हणतील, मग पोरं बक्षिसासाठीच कामं करतील. करू देत की! नाटकवालेही करंडकासाठीच रात्र रात्र तालमी करतात, म्हणून नाटक खोटं होतं का? दुसरे म्हणतील, दर वर्षी कुणाला तरी द्यायचं म्हणून देतील. त्यावरही उत्तर आहे. 2022 मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर बरीच चर्चा झाली, पण करंडकाचं वजन कमी झालं नाही. आपणही लायक टीम नसेल तर ढाल कपाटात ठेवावी.

आपल्यातले थोडेच जण पुढे रंगमंचावर किंवा मैदानावर दिसतील. पण माणसं, पैसा आणि वेळ सांभाळायचं काम प्रत्येकाच्याच वाट्याला येणार आहे, मग ते साइटवर असो, शॉप फ्लोअरवर असो की सॉफ्टवेअरमध्ये. ते शिकायची सगळ्यात स्वस्त लॅब आपलं गॅदरिंग आहे. या वर्षीच्या कमिटीने निदान ती वही तरी सुरू करावी. ढालीचे पैसे आम्ही होस्टेलवाले वर्गणी काढून देऊ!

– एक टी.ई. वाला, मेकॅनिकल