मर्यादा कोण लिहिणार?

किती माल बनवायचा, कोणत्या गोदामात ठेवायचा, कोणती गाडी कोणत्या रस्त्याने पाठवायची, हे आज मोठ्या कंपन्यांत सॉफ्टवेअर ठरवते. भिवंडीच्या गोदामांत माल उचलणारी, शहरात पार्सल पोहोचवणारी आपली पोरं म्हणतात, "साहेब नाही, सिस्टीम सांगते." सिस्टीमशी भांडता येत नाही, असे कामगाराच्या मनात बसले की मालकाचे काम सोपे होते.

म्हणून आधी ही सिस्टीम समजून घेऊ. तिच्या मुळाशी बारावीत शिकवले जाणारे लिनिअर प्रोग्रॅमिंग आहे. १९३९ साली सोव्हिएत रशियात कँटोरोविच यांनी प्लायवूडच्या उत्पादनासाठी ते मांडले. १९४७ साली अमेरिकेत डँट्झिग यांनी हवाई दलासाठी त्याची पद्धत शोधली. म्हणजे हे गणित भांडवलदाराची जहागीर नाही. त्यात दोनच गोष्टी लिहाव्या लागतात: उद्दिष्ट आणि मर्यादा. मालक उद्दिष्टाच्या जागी नफा लिहितो. आणि या गणिताचे सर्वोत्तम उत्तर मर्यादांच्या अगदी कडेवर सापडते. नफ्यासाठी कामाचे तास ताणणे फायद्याचे असेल, तर गणित कामगाराला त्या कडेपर्यंत नेणारच. कडच आखलेली नसेल, तर त्याची दमछाक हिशेबात येतच नाही.

ही कड कायदा आखतो. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी नेमके हेच केले. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. बाबासाहेब यंत्राच्या विरोधात कधीच नव्हते. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, म्हणून गांधींच्या यंत्रविरोधावर त्यांनी कडाडून टीका केली. पण यंत्राने वाचवलेला वेळ मालकाच्या खिशात जाणार असेल, तर ती फुरसत कोणाची?

आज ही कड मागे सरकवली जात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे सांगितले जाते. पण बारा तास उभे राहिलेल्या पायांना आठवड्याची सरासरी कळत नाही. पार्सल पोहोचवणाऱ्याला तर 'पार्टनर' म्हणून कामगारांतूनच वगळले आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आली, पण त्याच्या तासांना मर्यादा आली नाही.

कर्नाटकाने २०२५ च्या गिग कामगार कायद्यात सिस्टीम कशी निर्णय घेते हे कामगाराला सांगण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात ती का नको? आमच्या मागण्या तीन आहेत: ऑर्डरची वाट पाहण्याचा वेळ धरून कामाच्या तासांची मर्यादा, टार्गेट आणि मोबदल्याचे नियम उघड करणे, आणि ते ठरवताना संघटनेचा सहभाग.

आपल्या वस्त्यांतून आता इंजिनिअरही घडत आहेत. त्यांनी गोदामातल्या भावाला हे गणित समजावून सांगावे. आणि त्या भावाने संघटनेत यावे, कारण मर्यादा संघटनेच्या दबावाशिवाय लिहिली जात नाही.

जयभीम!