भाड्याचा गाळा, बहिणीचा हिस्सा आणि आयकर

जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर या बाजारपेठांत आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांच्या वडिलांनी पूर्वी थोडक्या पैशांत गाळे घेतले आणि भाड्याने दिले. पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या जागांना आता चांगला भाव येतो. असा गाळा विकायचा म्हटले की पहिली धास्ती कराची. मग सल्ला मिळतो : खरेदीखतात किंमत कमी दाखवा, बाकीचे रोख घ्या.

हा सल्ला खोटेपणाचा आहे आणि तोट्याचाही. रेडीरेकनरचे मूल्य खतातील किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर आयकरासाठी रेडीरेकनरचेच मूल्य धरतात. शिवाय जागेच्या व्यवहारात २० हजार वा अधिक रोख घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

कर कमी करण्याचा सरळ मार्ग कायद्यातच आहे. जागा १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल, तर त्या दिवशीची बाजारकिंमत ही मूळ किंमत धरता येते. मात्र ती त्या दिवशीच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा दाखला घ्यावा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जागेवर, महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा तो लावून वीस टक्के, यांपैकी जो कर कमी तोच भरावा लागतो.

समजा, २००१ साली ५ लाखांचा गाळा २०२५-२६ मध्ये २९ लाखांना विकला. नफा २४ लाख, साडेबारा टक्क्यांनी कर ३ लाख. निर्देशांक १०० वरून ३७६ झाला, म्हणून मूळ किंमत १८ लाख ८० हजार धरली, तर वीस टक्क्यांनी कर २ लाख ४ हजार. सेस वेगळा.

आता खरा मुद्दा. मुस्लिम कुटुंबाला हिंदू अविभक्त कुटुंबासारखी वेगळी आयकर नोंद नाही. वडिलांच्या मृत्यूबरोबर प्रत्येक वारस आपल्या हिश्शाचा मालक होतो आणि त्याचा हिशेबही स्वतंत्र होतो. याच गाळ्याचे वारस दोन भाऊ व दोन बहिणी असतील, तर सूरह निसाच्या हुकुमाप्रमाणे प्रत्येक बहिणीचा सहावा हिस्सा, म्हणजे नफ्यातील ४ लाख. नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. बहिणीला दुसरे उत्पन्न नसेल, तर तिच्या हिश्शावर कर शून्य!

आपल्याकडे होते काय? बहिणीकडून साडीचोळीवर हक्कसोडपत्र लिहून घेतात. मग तिचा हिस्सा भावांच्या नावे येतो आणि त्याचा करही भावांनाच भरावा लागतो. बहिणीचा हक्क बुडतो आणि पैसाही जातो. तिचे नाव फक्त कागदावर ठेवून रक्कम आपण घेणे, हीदेखील फसवणूकच.

नफा सरकारी रोख्यांत गुंतवून कर वाचवण्याची सोय आहे. पण त्यात व्याज आहे. व्याज टाळणाऱ्यांना घराचा मार्ग मोकळा आहे : गाळ्याची निव्वळ रक्कम दोन वर्षांत एका घराच्या खरेदीत घातली तर करमाफी मिळते. मात्र विक्रीच्या दिवशी नावावर एकाहून अधिक घरे नसावीत.

तेव्हा विक्रीपूर्वी सर्व वारसांची नावे दप्तरी लावून घ्या, बहिणींचे पॅनकार्ड काढा, प्रत्येकीची रक्कम चेकने तिच्याच खात्यात द्या. शरीअतने सांगितलेला हिस्सा आणि कायद्याने दिलेली सवलत इथे एकाच वाटेवर आहेत. ती वाट सोडण्याचे कारण नाही.