नेम ज्याचा त्याचा

बोचिया या खेळाचे मैदान १२.५ मीटर लांब, ६ मीटर रुंद. बॅडमिंटनच्या कोर्टात सहज मावणारे. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले लाल किंवा निळे चेंडू न्यायचे. १९८४पासून पॅरालिम्पिकमध्ये असलेल्या या खेळातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. ज्यांना चेंडू फेकता येत नाही, ते तो रॅम्पवरून सोडतात. रॅम्प फिरवणारा सहायक मात्र मैदानाकडे पाठ करून बसतो. वळून पाहायची त्याला मुभा नाही. हा खेळ खेळू शकणाऱ्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे निर्णय एरवी बहुधा घरचेच घेतात. इथे नेम, वेग, डाव सर्वस्वी त्यांचा. अहिल्यानगर जिल्ह्यात बॅडमिंटनचा हॉल असलेल्या प्रत्येक क्रीडा संकुलाने आठवड्याचे दोन तास या मुलामुलींसाठी राखावेत, आणि त्याआधी दाराशी व्हीलचेअरसाठी उतार बांधावा.