‘अंधाराचा राजपुत्र’ खरोखर कोण? जुन्या मोटारसायकलच्या तारांमधला इतिहास

१/ जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या चाहत्यांत एक विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बर्मिंगहॅमच्या ल्युकस कंपनीचा संस्थापक जोसेफ ल्युकस हा म्हणे ‘अंधाराचा राजपुत्र’, आणि त्याच्या दिव्याच्या स्विचला तीनच अवस्था : मंद, लुकलुकता आणि बंद. विनोद उत्तम आहे; इतिहास म्हणून मात्र तो अन्यायकारक आहे. आजच्या थ्रेडमध्ये त्याची उलटतपासणी.

२/ प्रथम आरोपीची ओळख. जोसेफ ल्युकस बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर हातगाडीवरून रॉकेल विकत असे. पुढे तो दिवे बनवू लागला. सायकलींसाठी काढलेल्या त्याच्या ‘किंग ऑफ द रोड’ या दिव्याने कंपनीला नाव मिळवून दिले. ते दिवे तेलाचे होते. १९०२ साली ल्युकस वारला, तेव्हा मोटारसायकलवर विजेचा हेडलाइट रूढ व्हायला अजून बराच अवकाश होता. ज्या अंधाराचे खापर त्याच्या माथी फुटते, तो पाहायला तो हयातच नव्हता.

३/ मग वीज मोटारसायकलवर आली कशी? दिव्यासाठी नव्हे, ठिणगीसाठी. पेट्रोलचे मिश्रण नेमक्या क्षणी पेटले पाहिजे. फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व येथे कामी आले : चुंबक आणि तारेचे वेटोळे यांची सापेक्ष हालचाल झाली की वीज उत्पन्न होते. या तत्त्वावर चालणारे यंत्र म्हणजे मॅग्नेटो.

४/ रॉबर्ट बॉशने १८८७ साली एका स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो बनविला. १८९७ मध्ये तो द दियों-बूतों तिचाकीवर बसला. आणि १९०२ मध्ये त्याचा सहकारी गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली. मॅग्नेटोचे मोठेपण एका वाक्यात सांगता येते : त्याला बॅटरी लागत नाही. इंजिन फिरते, वेटोळे फिरते, पॉइंट उघडतो, ठिणगी पडते.

५/ येथे राजकारण प्रवेश करते. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, तेव्हा ब्रिटनची वाहने आणि विमाने मॅग्नेटोसाठी बहुतांशी जर्मनीच्या बॉशवर अवलंबून होती. हाताच्या पंजात मावणाऱ्या एका यंत्रासाठी साम्राज्य शत्रूचे मिंधे होते! घाईघाईने देशी उत्पादन उभे करावे लागले. त्याच वर्षी ल्युकसने थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनविणारी कंपनी ताब्यात घेतली. दिव्यांचा व्यापारी ठिणगीचाही व्यापारी झाला तो असा.

६/ दिव्यांचे काय? दीर्घकाळ मोटारसायकलस्वार कार्बाइडच्या दिव्यावर भागवीत असे : कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवायचे आणि निघणारा ॲसिटिलीन वायू पेटवायचा. पुढे डायनॅमो आला. ल्युकसने मॅग्नेटोच्या पाठीवर डायनॅमो बांधून ‘मॅगडायनो’ नावाचे जोडयंत्र काढले. खालचा भाग ठिणगी देई, वरचा भाग बॅटरी भारी आणि दिवे लावी.

७/ या रचनेतील शहाणपण ध्यानात घ्या. बॅटरी मेली, तारा तुटल्या, दिवे विझले, तरी इंजिन चालत राही. कारण ठिणगीचा संसार वेगळा आणि दिव्यांचा वेगळा. दुसऱ्या महायुद्धातील बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच या लष्करी मोटारसायकलींवर मॅगडायनोच होता. रणभूमीवर निरोप पोहोचविणाऱ्या स्वाराला उजेडापेक्षा परत येणे अधिक महत्त्वाचे होते.

८/ आता मूळ आरोपाकडे वळू : दिवे इतके मंद का? उत्तर कंपनीच्या नावात नाही, ६ व्होल्टच्या गणितात आहे. ६० वॉट शक्तीसाठी ६ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह लागतो. १२ व्होल्टवर केवळ ५. समजा, गंजलेल्या सांध्यांमुळे आणि जुनाट तारांमुळे वाटेत ०.१ ओहम रोध निर्माण झाला. पहिल्या प्रकरणी पूर्ण १ व्होल्ट वाटेतच जिरतो, दुसऱ्यात अर्धाच.

९/ सहातून एक जाणे आणि बारातून अर्धा जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तंतूच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताच्या प्रमाणात घटतो. म्हणजे ६ ऐवजी ५ व्होल्ट पोहोचले की उजेड जवळपास निम्मा. १२ ऐवजी ११.५ पोहोचले तर नुकसान अवघे सातवा हिस्सा. एक गंजलेला नट अर्धा प्रकाश गिळतो, आणि दोष मात्र १९०२ साली वारलेल्या गृहस्थाला!

१०/ तो नट बहुधा कुठला असतो? ‘अर्थ’चा. जुन्या गाडीत परतीची तार क्वचितच असे. लोखंडी चेसिस हीच परतीची वाट. रंग, गंज, वंगण यांनी ती अडली की दिवा लुकलुकू लागतो. त्यात भर म्हणजे १९५० च्या दशकातील बहुतेक ब्रिटिश मोटारसायकलींत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असे. आजच्या सवयीने कोणी ऋण टोक तिथे जोडले, तर रेक्टिफायरचा बळी जातो.

११/ तिसरा अध्याय अल्टरनेटरचा. १९५३ साली ट्रायम्फच्या ‘स्पीड ट्विन’वर तो बॅटरी-कॉइल इग्निशनसह आला. चुंबक फिरतो, वेटोळी स्थिर. घासणारे ब्रश नाहीत. रचना सुटसुटीत झाली खरी, पण मॅग्नेटोने दिलेले स्वातंत्र्य गेले : बॅटरी मेली की ठिणगीही मेली. म्हणून स्विचवर ‘इमर्जन्सी’ अशी जागा ठेवावी लागली. ती वापरली की अल्टरनेटरची वीज थेट इग्निशन कॉइलला मिळे आणि किक मारून घरी जाता येई.

१२/ हा स्विच मला एखाद्या ताम्रपटाइतकाच बोलका वाटतो. दिवे बंद असताना अल्टरनेटरची थोडी वेटोळी कामाला लावायची, हेडलाइट लावताच सगळी : हे नियमनही स्विचच करीत असे. स्वतंत्र नियंत्रक टाळून चालकाच्या बोटावर भिस्त ठेवण्याची ती काटकसर होती. १९६० च्या दशकाच्या मध्यास १२ व्होल्ट आणि झेनर डायोड आले, तेव्हा कुठे जादा वीज आपोआप जिरविण्याची सोय झाली.

१३/ मग ल्युकस कंपनी निर्दोष होती काय? तसे माझे म्हणणे नाही. १९६३ साली ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने वाहनांच्या विद्युत-साहित्यावर स्वतंत्र अहवाल काढला. त्या बाजारात ल्युकसचे वर्चस्व होते. पण मोटारसायकल कारखानेही पैसा वाचविण्यात मागे नव्हते. होंडाने १९६९ मध्ये सीबी-७५० वर १२ व्होल्ट आणि बटणस्टार्ट दिला. ट्रायम्फच्या ‘ट्रायडंट’ला बटणस्टार्ट मिळायला १९७५ उजाडले. हा दोष एका माणसाचा नाही. गुंतवणूक टाळत राहिलेल्या समस्त उद्योगाचा आहे.

१४/ या कथेचा धागा आपल्यापर्यंतही येतो. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली. १९६१ मध्ये तेथेच ल्युकस-टीव्हीएस. बंगळूरची मायको कंपनी ही बॉशचीच भारतीय शाखा. दोन महायुद्धांत परस्परविरोधी गोटांत असलेली ही दोन घराणी आपल्या गॅरेजांच्या फळ्यांवर शेजारी शेजारी नांदली. बुलेटच्या हेडलाइटमागचा तो छोटा ॲमीटर आठवा : काटा एका बाजूला झुकला की बॅटरी भरते आहे, दुसऱ्या बाजूला गेला की रिकामी होते आहे. गाडीचा जमाखर्चच तो!

१५/ आता माझे मत स्पष्ट मांडतो. आज जुनी गाडी ‘नवी’ करताना इंजिनाला जपले जाते, टाकीवरच्या सोनेरी रेघांना जपले जाते. वायरिंग मात्र सर्वप्रथम उपटून भंगारात जाते. मला हे किल्ल्याची तटबंदी लिंपून शिलालेख फोडण्यासारखे वाटते. कापडी वेष्टणाच्या तारा, त्यांचे रंग, धन अर्थ, ‘इमर्जन्सी’ स्विच : ती गाडी कोणत्या काळात आणि कोणत्या अभावात जन्मली, हे तेच सांगतात.

१६/ यावर रास्त आक्षेप असा की, गाडी रस्त्यावर चालवायची तर रात्री दिसले पाहिजे आणि जुनाट तारांनी आग लागता कामा नये. मान्य. जीव इतिहासापेक्षा मोलाचा आहे. रोज चालवायच्या गाडीत नव्या तारा, फ्यूज, १२ व्होल्टही जरूर घाला. माझा विरोध बदलाला नाही, नोंद न ठेवता केलेल्या बदलाला आहे. उत्खनन करणारा अभ्यासकही थर हलवितोच. पण आधी मोजतो, रेखाटतो, मग खणतो.

१७/ तेव्हा घरात आजोबांची बुलेट, येझदी वा राजदूत धूळ खात असेल, तर पक्कड उचलण्यापूर्वी एवढे करा. प्रत्येक सांध्याचे छायाचित्र घ्या. कोणती तार कुठून कुठे जाते, याचा नकाशा वहीत काढा. बॅटरीचे कोणते टोक चेसिसला आहे, ते लिहून ठेवा. काढलेला स्विच, रेक्टिफायर, कट-आउट डब्यात घालून चिठ्ठीसह जपा. आणि सारे बदलण्याआधी अर्थचा नट कानशीने चकचकीत करून पाहा. कित्येकदा ‘अंधाराचा राजपुत्र’ तेवढ्यानेच पदच्युत होतो.

१८/ सनावळ्या पाठ करणे म्हणजे इतिहास नव्हे. एखाद्या वस्तूसमोर उभे राहून ‘हे असेच का केले?’ हा प्रश्न चिकाटीने विचारणे म्हणजे इतिहास. ताम्रपट वाचायला जशी लिपी शिकावी लागते, तशी तारांचीही एक लिपी आहे. ती जाणणारे जुने मिस्त्री आता थोडेच उरले आहेत. तुमच्या गावात असे कोणी असतील, तर त्यांच्याजवळ एक दुपार बसा, आणि त्यांनी काय सांगितले ते या थ्रेडखाली अवश्य लिहा.