फेस आणि प्याला

सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी 'माझा आवडता छंद' हा निबंध लिहायला देतो, आणि दरवर्षी चाळिसांतली तीस मुले टपालाची तिकिटे जमवितात. त्यांतल्या एकाच्याही घरी तिकीट लावलेले पत्र कैक वर्षांत आलेले नसते. निबंध गाइडातला, तिकिटेही गाइडातली. मी मुकाट्याने गुण देतो. खोटे बोलण्याचे याहून वाईट प्रकार जगात पुष्कळ आहेत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी एका मुलाने मात्र तिकिटे जमविली नाहीत. त्याने पाचच ओळी लिहिल्या. त्याला पतंग करण्याचा छंद. कागद कुठून आणतो, कामट्या कुठून काढतो, खळ कशाची करतो, हे पहिल्या तीन ओळींत. चौथ्या ओळीत आई होती: तिला वेळ नसतो. पाचवी ओळ अशी: 'माझ्या वडिलांना छंद नाही, व्यसन आहे.' वडील आडत बाजारात हमाली करतात, हे मला ठाऊक होते. 'व्यसन' हा शब्द सातवीची निम्मी मुले चुकवितात. त्याने तो शुद्ध लिहिला होता.

वही तपासून ठेवली आणि त्याच आठवड्यात पुण्याहून माझा बालमित्र बार्शीला आला. भगवंताच्या देवळामागच्या बोळात आम्ही एकत्र वाढलो. आता तो मोठ्या हुद्द्यावर आहे. माणूस दिलदार, माझ्या मुलांसाठी कधी हात हलवीत येत नाही. या खेपेला त्याच्याजवळ दोन पेट्या होत्या. एकीत दाढीचे साबण, दुसरीत बाटल्या. गच्चीवर चटई टाकून त्याने दोन्ही माझ्यापुढे उघडल्या आणि म्हणाला, "मास्तर, हे आपले दोन छंद. सकाळी साबण, रात्री सिंगल माल्ट."

वर्ष झाले, पण त्या वाक्यातला 'दोन' हा शब्द मला अजून पचलेला नाही. आज त्याच शब्दाशी भांडायला मी बसलो आहे.

आधी साबणाचे बोलू, कारण त्याची बाजू घेणारे कोणी दिसत नाही. दाढीच्या साबणाचा कसला छंद, असे म्हणून घरातली माणसे हसतात. थोरली मंडळी त्याला नखरा म्हणतात आणि तरुणांना वाटते, डबा दाबला की फेस येतो, मग ही खटपट कशाला? मी म्हणतो, ही खटपट हेच तर त्यातले सुख! अंगाच्या साबणात कॉस्टिक सोड्याने काम भागते. दाढीच्या साबणाला त्याच्या जोडीला पोटॅशही लागते. सोड्याने वडी घट्ट होते, पोटॅशने ती पाण्याला चटकन वश होते, आणि स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त ठेवले की फेस दाट, सायीसारखा होऊन चेहऱ्यावर टिकतो. ब्रश किती ओला ठेवायचा, वडीवर किती वेळ फिरवायचा, थेंब थेंब पाणी केव्हा घालायचे, हे पुस्तकात वाचून येत नाही. हातालाच कळावे लागते. पूर्वी ते आमच्या गल्लीतल्या नाभिकाच्या हाताला कळत असे. पितळी वाटी, वस्तरा पाजळायचा चामडी पट्टा आणि शेवटी गालावरून फिरणारा तुरटीचा खडा, एवढ्या सामग्रीवर तो गिऱ्हाइकाला अर्धा तास राजा करीत असे.

माझे वडील रविवारी अंगणात आरसा टांगून दाढी करीत. गोदरेजचा गोल साबण, वाटीत कोमट पाणी. मी समोर उकिडवा बसलेला. मधूनच ते ब्रशाचे टोक माझ्या नाकाला लावीत. मला दाढी नव्हती, पण त्या छंदात माझा वाटा होता. या गोदरेजचीही एक कथा आहे. कुलपांचा कारखानदार म्हणून नाव झालेल्या अर्देशीर गोदरेज यांनी पहिले महायुद्ध संपता संपता वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. साबणात जनावराची चरबी असते म्हणून जी घरे त्याला शिवत नव्हती, त्यांच्या न्हाणीत साबण पोचला तो असा. आज माझा मित्र ज्या विलायती वड्या हौसेने आणतो त्यांतल्या कित्येकांत गाईगुरांची चरबी असते आणि फेस तिच्यामुळेच चांगला येतो म्हणून तिचे कौतुकही होते! हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने दोन वड्या निमूटपणे बाजूला काढल्या.

आणि दिवाळीच्या अंकात साबणाची निंदा करील तो मराठी कसला? उटण्याच्या जोडीला मोती साबणाची गोल वडी आली नाही तर नरकासुर मेल्यासारखाच वाटत नाही, अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. वर्षभर साधा साबण वापरणारा माणूस त्या एका पहाटे चंदनाच्या वासाची चैन करतो. चैन ही वाईट गोष्ट नव्हे. एक चांगली वडी चार महिने पुरते, कोणाच्या ताटातला घास काढून घेत नाही, आणि पोराने विचारले, "बाबा, काय करता?" तर बापाला दार लोटून घ्यावे लागत नाही.

आता दुसरी पेटी. मित्राशी मी अन्याय करणार नाही; त्याने त्या रात्री जे सांगितले ते ऐकण्याजोगे होते. सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीची आणि नुसत्या मोड आणलेल्या सातूची व्हिस्की. (मोड आणण्याची आपली मजल मटकीपर्यंत; स्कॉटलंडचे लोक पुढे गेले.) मोड आले की सातू वाळवायचा, काही ठिकाणी तो पीट नावाच्या, दलदलीत शतकानुशतके कुजून साठलेल्या इंधनाच्या धुरावर वाळवितात, आणि तो धूर अखेरपर्यंत व्हिस्कीत राहतो. मग आंबविणे, तांब्याच्या भांड्यातून दोनदा गाळणे, आणि ओक लाकडाच्या पिंपात मुरविणे. स्कॉटलंडच्या कायद्याने निदान ३ वर्षे मुरली पाहिजे आणि तीत शेकडा ४० तरी मद्यार्क पाहिजे. मुरताना पिंपातून काही भाग उडून जातो. तिकडे तो दरसाल शेकडा २ च्या आसपास. त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरात आपली हवा उष्ण, तिथे तोच वाटा १० ते १२ वर जातो. म्हणजे आपले देवदूत अधिक पितात. इंद्राच्या दरबाराची सवय, दुसरे काय! पण याच उष्णतेने माल लवकर मुरतो, आणि बंगळूरच्या 'अमृत'ने २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोला नेऊन विकली. २०१२ त गोव्याची 'पॉल जॉन' लंडनला पोचली. ऐकताना मलाही अभिमान वाटला. मी नाकबूल करीत नाही.

एक घोटही घेतला. ती धुराची जात होती. आधी टिंक्चर आयोडीनचा वास, मग जळक्या लाकडाचा, आणि मग खरोखरच एक गोडसर चव मागे रेंगाळली. वाईट नव्हती. जे वाईट लागले नाही त्याला वाईट म्हणण्याची माझी तयारी नाही. पण तो पहिला वास दवाखान्याचा होता, आणि बार्शीच्या माणसाला तो वास सहज विसरता येत नाही.

इथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांतल्या ३४६ खेड्यांत माणसे जाऊन कोणाला कोणता कर्करोग झाला याची नोंद घेऊ लागली. नर्गिस दत्त यांच्या नावाच्या रुग्णालयाबाहेर भाकरीची फडकी सोडून बसलेली माणसे आम्ही येता-जाता पाहतो. पुढच्याच वर्षी, १९८८ त, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात बसविले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे, स्त्रियांचे स्तन. आमच्याकडे तोंडाच्या रोगाचा मोठा गुन्हेगार तंबाखूच आहे, हे मी मान्य करतो. पण तंबाखू आणि दारू एकत्र आल्या की बेरीज होत नाही, गुणाकार होतो. २०२३ त त्याच आरोग्य संघटनेने सांगून टाकले की मद्याचे निर्धोक असे प्रमाणच नाही. मोहाची, उसाच्या मळीची की १८ वर्षे मुरलेली, हा भेद गळ्याला कळतो; यकृताला कळत नाही.

मित्र म्हणाला, "मी चवीसाठी घेतो, मास्तर. नशेसाठी नाही." मी म्हटले, "मग तीतून मद्यार्क काढून घेतला, चव तेवढी ठेवली, तर पाच हजार मोजशील?" तो हसला आणि म्हणाला, "तुझ्या साबणातून दाढी काढून घेतली तर छंद उरेल?" उत्तर चांगले होते. मला तिथल्या तिथे सुचले नाही. आता सुचते ते एवढेच: दाढी नसलेला मुलगा नाकावर फेस घेऊन त्या छंदात बसू शकत होता. प्याल्यात मुलाचा वाटा कुठला?

राम गणेश गडकऱ्यांनी 'एकच प्याला' लिहिले आणि ते गेले त्याच साली, १९१९ त, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्यातला सुधाकर आणि सिंधू सर्वांना आठवतात. मला अलीकडे तळीरामाचे आर्यमदिरामंडळ आठवते. ही मंडळी नुसती पीत नाहीत, मंडळ स्थापन करून शास्त्रार्थ करीत पितात. शंभर वर्षे झाली, पण पिण्याला विद्वत्तेची झालर लावण्याची युक्ती जुनी झालेली नाही. आज मोठ्या शहरांत चव घेण्याच्या बैठका भरतात; कोणाला प्याल्यात जर्दाळू सापडतो, कोणाला चामडे, कोणाला ओली माती. सापडो बिचाऱ्यांना! माझे भांडण जर्दाळूशी नाही.

माझे भांडण आहे ते शब्दाशी. आडत बाजारातला हमाल दिवसभर पोती वाहून संध्याकाळी देशीच्या दुकानात जातो, ते व्यसन. माझा मित्र वातानुकूलित खोलीत बसून चकचकीत पेल्यात तोच मद्यार्क घेतो, तो छंद. हमालाच्या पोराने आपल्या बापाचे नाव व्यसनाच्या ओळीत लिहावे, आणि साहेबाच्या पोराने साहेबाचे छंदाच्या ओळीत, अशी ही वाटणी कोणी केली? २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांच्याविषयी 'छंदापायी गेली' असे कोणी म्हणाले नाही.

आपला कायदा या बाबतीत अधिक सरळ आहे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात अजून चालू आहे. पिणाऱ्याला परवाना लागतो आणि कडक दारूला वय २५. हॉटेलांवर 'परमिट रूम' अशी पाटी त्यामुळेच. त्या पाटीला आपण हसतो, परवाना विचारणारा कोणी भेटत नाही, हेही खरे. पण 'छंदालय' अशी पाटी अजून कोणी लावलेली नाही! आणि २००८ च्या आदेशाने गावातल्या बायकांच्या हाती जी मतपत्रिका आली तिच्यावर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की गावातले दुकान बंद. ते चित्र काढणाऱ्याने बाटलीत काय आहे, किती वर्षे मुरले आहे, हे दाखविलेले नाही. त्या बायकांना त्याची गरज पडत नाही.

कोणी म्हणेल, मास्तरांना दारूबंदी हवी. छे! दारूबंदीच्या नावाने चोरटी भट्टी लावणारे मी पाहिले आहेत. माझ्या मित्राची बाटली मी फोडणार नाही. तो घरात आवाज चढवीत नाही, पगार उडवीत नाही, वहिनींची त्याच्याविषयी तक्रार नाही. दोन घोटांवर थांबण्याचे बळ त्याच्यात आहे. पण ते बळ त्याचे आहे, बाटलीचे नाही; आणि त्याने तिला छंद म्हटले की ऐकणाऱ्या पोराला वाटते, ते बळ बाटलीतच विकत मिळते.

जाताना त्याने चंदनाची एक वडी माझ्या फडताळात ठेवली. ती मी अजून काढलेली नाही. या नरकचतुर्दशीला काढीन, आणि आमच्या धाकट्याच्या नाकाला फेस लावीन. बाटल्या तो परत घेऊन गेला. यंदाही तो येणार आहे. मी कळविले आहे: साबण हवे तेवढे आण. बाटलीही आणायची तर आण, गच्ची तुझीच आहे. मात्र पाडव्याला संध्याकाळी माझी शाळेतली मुले नमस्काराला येतात. तो पतंगवालाही येईल. त्याने पेटीकडे बोट करून विचारले, "काका, हे काय?" तर सरळ 'दारू' म्हणून सांगायचे.