संपर्क झाला नाही

‘निवासी डॉक्टर’ हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो तो बहुधा संपाच्या बातमीत. संप मिटला की शब्दही विस्मरणात जातो. पण वाचकहो, या शब्दातली गंमत कधी तुमच्या ध्यानात आली आहे का? हा माणूस निवासी खरा, पण कुठला? तर इस्पितळाचा! आपल्या घरी तो पाहुणा. आणि तोही दिवाळीला येईलच असा भरवसा नसलेला.

माझी भाची सध्या जनरल सर्जरीत एम. एस. करते आहे. साडेपाच वर्षांचे एम. बी. बी. एस. झाले, आता ही तीन वर्षे. आमच्या ताईची समजूत अशी की, अभ्यास संपला, आता सुरी हातात धरायची तेवढी राहिली. प्रत्यक्षात पोरीचे बिऱ्हाड पाठीवर! कधी अपघात विभाग, कधी अतिदक्षता, कधी मूत्ररोग, कधी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया. शिवाय तीन महिने जिल्हा रुग्णालय.

“अगं, हे शिक्षण आहे की बदलीची नोकरी?” ताई विचारते.

“आई, भाजलेलं मूल आणि अडलेलं आतडं एकाच वॉर्डात कसं दिसेल? जिल्ह्याला गेले तेव्हा कळलं, पोटावर हात ठेवून निदान करायला का शिकवतात ते!”

ही पद्धत मूळची आपली नव्हे. अमेरिकेत बाल्टिमोरला १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले. तिथे विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने जर्मन धर्तीवर ती रुजवली. शिकाऊ डॉक्टरांनी रुग्णालयातच राहायचे, वर्षानुवर्षे राबायचे, आणि पायरीपायरीने अधिकार मिळवायचा. रचना पिरॅमिडसारखी : पायथ्याशी पुष्कळ, शिखरावर एखादाच.

याच हॉल्स्टेडची एक गोष्ट मोठी गोड आहे. त्याच्या हाताखालच्या कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रावणाने सोलवटून निघत. म्हणून त्याने गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी रबरी हातमोजे करवून घेतले. १८९० साली दोघांचे लग्नही झाले! पण माझ्या मते खरी गोष्ट पुढेच आहे. त्याचा शिष्य जोसेफ ब्लडगुड याने हर्नियाच्या शस्त्रक्रियांत सर्वांनीच नियमाने हातमोजे घालण्याचा परिपाठ पाडला, जखमा पिकण्याचा हिशेब ठेवला आणि १८९९ साली तो छापला. जखमा पिकण्याचे प्रमाण फार घटले होते. हातमोजे प्रेमाने आले असतील. ते जगभर टिकले मात्र वहीतल्या नोंदीमुळे.

संशोधन म्हणजे तरी दुसरे काय? आपल्याकडे प्रत्येक एम. एस.च्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. आधी आराखडा, मग नैतिकता समितीची मंजुरी, प्रत्येक रुग्णाची लेखी संमती, आणि मग नोंदी. भाचीचा विषय हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या जखमांचा. महिनाभराने प्रत्येकाची विचारपूस करायची. गेल्या महिन्यात एक दिवसाच्या रजेवर आली, तेव्हा ताटावर बसूनही हिचा फोन चालूच. “काका, जखम कशी आहे? लाल दिसते का? पाणी येतं का?” आठ-दहाजण मात्र काही केल्या सापडेनात. बरोबरीच्या एकाने सल्ला दिला होता म्हणे, “बरी आहे असं लिहून टाक. कोण बघतंय?”

“मग?” मी विचारले.

“मामा, ज्याची जखम चिघळली, तोच कदाचित दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असेल. त्यालाच ‘बरा’ लिहू?”

तिने त्या रकान्यात लिहिले : ‘संपर्क झाला नाही.’ मार्गदर्शक रागावतील अशी धास्ती होती, तरी लिहिले. वाढलेला भात तोवर निवून गेला होता, आणि ती पाटावरच पेंगत होती.

या झोपेचेही संशोधन झाले आहे, बरे का! न्यूयॉर्कला १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली आणि थकलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा प्रश्न ऐरणीवर आला. २००३ पासून अमेरिकेत सर्वत्र आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेत ४८ तास लिहिलेले आहेत. पण लिहिणे वेगळे, पाळणे वेगळे! पुढे अमेरिकेतल्या ११७ जनरल सर्जरी प्रशिक्षणक्रमांत एक तुलना झाली. एका गटाला पाळीच्या लांबीची बंधने, दुसऱ्याला आठवड्याची मर्यादा ठेवून पाळी लांबवण्याची मोकळीक. निष्कर्ष २०१६ साली आला. रुग्णांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक आढळला नाही. पण मोकळीक मिळालेल्या गटातले डॉक्टर अधिक संख्येने म्हणाले, की घरच्यांसाठी आणि विश्रांतीसाठी वेळ उरत नाही. म्हणजे रुग्णाचे नुकसान दिसले नाही; ज्याची झळ लागली ते घर. ताईची तक्रार अगदीच अडाणीपणाची नाही, हे मी तिला आकड्यांनिशी सांगितले. तिला मोठे समाधान वाटले!

तास कमी करणे तुमच्या-माझ्या हाती नाही. एक गोष्ट मात्र आहे. सरकारी इस्पितळात एखादी चुरगळलेल्या ॲप्रनमधली मुलगी तुमचा फोन नंबर मागेल, तर नीट द्या. महिन्याने तिचा फोन आला, तर जखम बरी झाली म्हणून तो टाळू नका आणि चिघळली म्हणून तिच्यावर डाफरू नका. खरे काय ते दोन वाक्यांत सांगा. तुमच्या मागून त्याच टेबलावर कुणीतरी निजणार आहे. तुमचा रकाना कोरा राहू नये, एवढीच त्याच्या वतीने विनंती.