ज्युनिअर वकील फुकट राबतो, आणि आपण त्याला शिक्षण म्हणतो

माझ्या वकील मित्रांना ही पोस्ट आवडणार नाही. तरी लिहितोय, कारण बार रूममध्ये हा विषय निघाला की सगळ्यांना अचानक आपापल्या केसचा पुकारा ऐकू यायला लागतो.

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात कुठल्याही दिवशी सकाळी जाऊन उभे राहा. सिनियरची गाडी यायच्या आधी टू-व्हीलरवरून फायलींचा गठ्ठा घेऊन येणारी पोरं-पोरी दिसतील. हे आपले ज्युनिअर वकील. गावाकडं आईवडील कौतुकानं सांगत असतात, "आमचं पोरगं वकील झालंय." म्हणजे आता सुटला, असं सगळ्यांना वाटतं.

या पोराचा दिवस कसा जातो ते बघा. सकाळी ऑफिसात येऊन आजचं बोर्ड काढायचं, कुठली केस कुठल्या कोर्टात कितव्या नंबरला आहे ते लिहायचं, फायली लावायच्या. ११ वाजता कोर्ट सुरू झालं की पळापळ. सर एका कोर्टात उलटतपास घेत असतात, तेवढ्यात दुसऱ्या कोर्टात पुकारा होतो. हा धावत जाऊन उभा राहतो, "सर बाजूच्या कोर्टात आहेत, थोडा वेळ मिळावा" म्हणतो आणि सरांची बोलणी स्वतः खातो. मधल्या वेळेत मुदतीचा अर्ज, नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्सची रांग, समन्स बजावलं की नाही म्हणून बेलीफाच्या मागं फिरणं. संध्याकाळी परत ऑफिस. पक्षकार वाट बघत बसलेले असतात. त्यांची हकीगत लिहून घ्यायची, कैफियतीचा मसुदा टाईप करायचा, उद्याच्या तारखांचे फोन करायचे. घरी जाईपर्यंत रात्रीचे ९ वाजतात. रविवारी सर मोकळे असतात, म्हणून रविवारीही ऑफिस!

आणि याचे पैसे? कुणाला पेट्रोलपुरते, कुणाला दिवाळीला पाकीट, कित्येकांना काहीच नाही. त्याच ऑफिसातल्या टायपिस्टला पगार आहे, साफसफाई करणाऱ्या मावशींना आहे. पाच वर्षं कायदा शिकलेल्या पोराला नाही.

बरं, दुसरीकडं नोकरी करून पोट भरावं म्हटलं, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ आडवा येतो. प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नियम चांगल्या हेतूनं केलाय, वकील कुणाचा बांधील नसावा म्हणून. पण आज त्याचा अर्थ असा झालाय की बाहेर कमवायचं नाही आणि आत कुणी देणार नाही.

त्यात २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या परीक्षेला बसायला ३ वर्षांच्या प्रॅक्टिसची अट पुन्हा लागली. अनुभवाशिवाय न्यायाधीश नको, हे मलाही पटतं. पण ती ३ वर्षं काढायची कशावर? ज्याच्या घरी शेती बागायती आहे किंवा बाप स्वतः वकील आहे तो काढेल. चंदगड-राधानगरीच्या शेतमजुराचं पोरगं, जे रूमचं भाडं आणि मेसचे पैसे उधारीवर भागवतंय, ते सहाव्या महिन्यात काळा कोट खुंटीला लावून एखाद्या फायनान्स कंपनीच्या वसुलीला लागेल. उद्या न्यायाधीशाच्या खुर्चीत कोण बसणार, ते असं आजच ठरतंय. शिवाय प्रॅक्टिसचा दाखला देणाऱ्यांमध्ये १० वर्षं झालेले वकीलही आहेत. मग ज्युनिअर तोंड कशाला उघडेल?

३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की खुल्या गटासाठी सनदेची फी ७५० रुपयांच्या वर घेता येणार नाही. म्हणजे वकिलीत शिरणं स्वस्त झालं, टिकणं मात्र परवडेना.

आता नेहमीची उत्तरं घेऊ.

"आम्हीही असंच शिकलो." शिकला असाल. तेव्हाचं रूमभाडं, पेट्रोल आणि मेसचा दर आज देता का?

"आम्ही शिकवतो, तीच त्याची कमाई." शिकवताय, मान्य. पण झेरॉक्सच्या रांगेत उभं राहून तिसऱ्या वर्षी तो नवीन काय शिकतो, तेही सांगा. त्यानं लिहिलेल्या मसुद्याची फी पक्षकाराकडून पूर्ण घेता ना?

"तालुक्याच्या वकिलाला स्वतःचंच भागत नाही." हे मात्र खरं आहे, आणि म्हणून सगळा भार एकट्या सिनियरवर टाकू नये. केरळ सरकारनं २०१८ मध्ये नवीन वकिलांसाठी दरमहा ५ हजारांपर्यंतचं मानधन मंजूर केलं. आंध्र प्रदेशनं २०१९ मध्ये पहिल्या ३ वर्षांसाठी महिना ५ हजारांची योजना आणली. आपल्याकडं वकीलपत्रावर वेल्फेअर फंडाचा स्टॅम्प लावतोच की आपण. त्या फंडात सरकारनं भर घातली, तर ज्युनिअरला का मिळू नये?

पण ज्यांच्या ऑफिसबाहेर पक्षकारांच्या चपलांची रांग असते, त्यांना ही सबब नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं: शहरात किमान २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार. पण ती नुसती शिफारस आहे, सक्ती नाही. सक्ती नाही म्हटल्यावर परिपत्रकाचं काय होतं, ते आपल्याला माहीत आहे.

सर्किट बेंचसाठी ६ जिल्ह्यांतल्या वकिलांनी ४० वर्षांहून जास्त काळ लढा दिला. मोर्चे काढले, कामकाज बंद ठेवलं, आणि १८ ऑगस्ट २०२५ ला बेंचचं कामकाज सुरू झालं. त्या मोर्चांत घोषणा द्यायला पुढं कोण होतं? हीच पोरं. न्याय दारात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनांना स्वतःच्या ऑफिसातल्या पोरासाठी एक ठराव करता येऊ नये?

ठरावात फार काही नको. ज्युनिअर ठेवला तर दर महिन्याच्या ५ तारखेला ठरलेली रक्कम त्याच्या बँक खात्यात. पेट्रोल, झेरॉक्स, स्टॅम्पचा खर्च त्याच दिवशी परत. ज्याला एकट्याला परवडत नाही, त्यानं दुसऱ्या वकिलाबरोबर मिळून एक ज्युनिअर ठेवावा. आणि सरकारकडं मानधनाची लेखी मागणी.

पक्षकारांनो, तुम्हालाही सांगतो. पुढच्या तारखेला फी देताना एवढंच विचारा, "साहेब, यातले त्या पोराला किती?"

पटलं तर शेअर करा. पटलं नसेल तर कॉमेंटमध्ये या, पण येताना तुमच्या ज्युनिअरला महिन्याला किती देता तो आकडा घेऊन या.